शिर्डी की भंडारदरा?

दहावीला राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईंची कोणी वाट बघत नाही. गणिताची मुलांना भीती असते, इंग्रजीची शिकवणी असते, विज्ञानाला निदान प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या तरी असतात. राज्यशास्त्राचं पुस्तक मात्र परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी उघडायचं, असा आमच्या शाळेतला रिवाज. तिसगावच्या पलीकडे, माळावर, बाभळी आणि बोरींच्या मधे आमची शाळा आहे. तिथे मी पुष्कळ वर्षं हा विषय शिकवते आहे. पण एका डिसेंबरात असं झालं, की मुलं डबा अर्धा टाकून माझ्यामागे पळायला लागली. ते आठ-दहा दिवस आठवले की अजून अंगात वारं शिरतं.

विधानसभेची निवडणूक नुकतीच पार पडली होती. दर वेळेसारखी मला ड्युटी लागली होती आणि मतदारांच्या बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे होतं. त्या नादात माझ्याच बोटांना शाई लागलेली. वर्गात आले तर मुलं माझ्या बोटांकडे बघत होती, फळ्याकडे नाही. "निवडणूक प्रक्रिया" हा धडा चालू होता. मी मतदारसंघ समजावत होते आणि मागच्या बाकांवर कुजबुज चालली होती ती सहलीची.

सहलीचा तिढा आमच्या शिक्षकांच्या खोलीतच पडला होता. मुख्याध्यापक म्हणाले होते, "दोन दिवस, एक मुक्काम. शिर्डी करा नाहीतर भंडारदरा करा. पण एकच." अर्धे शिक्षक शिर्डीचे, अर्धे भंडारदऱ्याचे. चहाचे कप रिकामे झाले तरी काही ठरेना. सहलीचं काम माझ्याकडे होतं. मी सहज म्हणाले, "सर, जायचं मुलांनी. मग मुलांनाच मतदान करू द्या ना."

"मॅडम, मुलं गोंधळ घालतील."

"घालू द्या. धडाच तो चालू आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की हो म्हणणार, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ही बातमी सांगितली आणि एवढा आरडाओरडा झाला, की शेजारच्या वर्गातले सर खडू हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. मी सगळं रीतसर करायचं ठरवलं. दोन ठिकाणं म्हणजे दोन पक्ष. प्रत्येक पक्षाचा एक उमेदवार. पाच दिवस प्रचार, मग एक दिवस शांतता, मग मतदान. निवडणूक आयोग नववीतल्या तीन मुलींचा, कारण त्यांना या सहलीला जायचं नव्हतं आणि दहावीतल्या कोणाला त्या घाबरतही नव्हत्या.

शिर्डीच्या बाजूने आमचा मॉनिटर उभा राहिला. गोरागोमटा, केसांना तेल, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. भंडारदऱ्याकडून उभी राहिली ती आमच्या कबड्डीच्या संघाची कप्तान. उंच, हाडापेराने मजबूत, आणि वर्गात चार शब्दसुद्धा न बोलणारी. ती उभी राहिली तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं.

पहिल्याच दिवशी वाद पेटला. मी म्हणाले, "वर्गातल्या प्रत्येकाला एक मत." मॉनिटर ताडकन उभा राहिला.

"बाई, जे सहलीला येणारच न्हाईत, त्यांनी मत कशाला टाकायचं? जायचं आमी, आन ठरवायचं त्यांनी?"

वर्गात हो-हो झालं. आणि खरं सांगायचं तर मीही क्षणभर अडले. कारण न येणारे बरेच होते. आमच्या भागातले आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेत जाणारी पोरं. मोठ्या मुलीने धाकट्यांना सांभाळायचं. मुक्कामाची सहल म्हटली की अशा मुलींची नावं आपोआप गळतात. काही मुलींना वडील रात्री बाहेर राहू देत नाहीत. ही सगळी मुलं मागच्या बाकांवर बसत. सहलीचा विषय निघाला की दप्तराचा पट्टा नीट करत बसत.

मी म्हटलं, "ठीक आहे. मग हे ठरवू आधी. कोणाला मत असावं?"

एक मुलगी म्हणाली, "त्यावर मतदान घेऊ बाई!"

"आणि त्या मतदानाला कोणी मत द्यायचं?"

वर्ग एकदम गप्प झाला. मग खसखस पिकली. मग पुन्हा गप्प. मुलं खरोखर विचार करत होती. इतक्या वर्षांत मी राज्यशास्त्राच्या तासाला असली शांतता ऐकली नव्हती.

मी त्यांना सांगितलं, की इंग्रजांच्या काळात आपल्याकडे निवडणुका होत होत्या, पण मत सगळ्यांना नव्हतं. ज्याची जमीन, जो सारा भरतो, जो शिकलेला, त्याला मत. बाकीच्यांनी लांबून बघायचं. स्वातंत्र्य मिळालं आणि घटनेने एका झटक्यात सगळ्यांच्या हातात मत दिलं. बाई असो, बाप्या असो, जमीन असो नसो, सही येवो न येवो.

एक मुलगा म्हणाला, "म्हणून आमची आज्जी मतदानाला पांढरी साडी नेसती बाई. विहारात जाताना नेसती तीच. सकाळपासून पानी पेत न्हाई, आधी मत टाकून येती."

कोणी हसलं नाही. मॉनिटर मात्र हुशार. तो म्हणाला, "पन बाई, ते देशाचं झालं. ही सहल हाय."

तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ती दोन धाकट्या भावांना सांभाळून शाळेत यायची. आई-वडील तिकडे कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. हजेरीला "हजर बाई" एवढंच तिचं बोलणं मला माहीत होतं. ती उठली तेव्हा बाकाची फळी वाजली आणि सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

"माझे आई-बाप सहा महिने गावात नसत्यात," ती म्हणाली.  "आत्ता विधानसभेला आले हुते. रातभर टेम्पोत उभं राहून आले. मत टाकलं, माझ्या हातची भाकर खाल्ली आन दुपारच्याला गेले बी माघारी. त्यांना कुनी म्हनलं का, तुमी गावात ऱ्हात न्हाई, मग तुमाला मत कशाला? मी सहलीला येत न्हाई. पन वर्गात तर हाय ना? का न्हाई?"

ती बसली. तिचे कान लाल झाले होते. कबड्डीच्या कप्तानाने टाळी वाजवली, एकटीनेच, मोठ्याने. मग सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मॉनिटरने डोकं खाजवलं, माझ्याकडे बघितलं, मग त्या मुलीकडे. "बरं," तो म्हणाला, "हाय. सगळ्यांना मत." आणि खाली बसला.

 त्या दिवशी मी फळ्यावर काहीही लिहिलं नाही.

पण खरी गंमत पुढेच होती. मधल्या सुट्टीत मी खिडकीतून बघते तर काय, मॉनिटर आणि त्याची चार पोरं मागच्या बाकवाल्यांना शोधत फिरत होती! काल-परवापर्यंत ज्यांच्याशी कोणी सहलीचं बोलत नव्हतं, त्यांच्याभोवती आता घोळका. "ए, तुझं मत कुनाला? शिर्डीला टाक ना. विमान दिसतं तिथं. विमानतळाच्या भिताडापाशी हुबं ऱ्हायलं की डोक्यावरनं उतरतं!" तेवढ्यात दुसरीकडून कप्तान आपल्या कबड्डीच्या मुली घेऊन आली.

न येणारी मुलं लिंबाच्या झाडाखाली जमली होती आणि मधोमध तीच, दोन भावांची बहीण. मी पाणी प्यायच्या निमित्ताने टाकीपाशी जाऊन उभी राहिले.

"आमी मतं देऊ," ती म्हणत होती, "पन आमच्यासाठी काय करनार ते सांगा आधी."

"तुमी तर येनार न्हाई," मॉनिटर म्हणाला. "तुमाला काय पाहिजे?"

"यायचं हाय आमाला बी. मुक्काम नको. सकाळी जाऊन रातीला घरी. मग शेजारची काकू माझ्या भावांना बघंल एक दिवस. हिचे वडील बी सोडतील. एका दिवसाची सहल करा, मग बोला."

दोन्ही उमेदवार एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना हे सुचलंच नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं, हे मी कबूल करते. आम्ही शिक्षक "दोन दिवस, एक मुक्काम" हे असं धरून चाललो होतो, जणू सूर्य उगवतो तसं.

मॉनिटर लगेच म्हणाला, "शिर्डी एका दिवसात आरामात हुती. झालं! लिहून घ्या." आणि विजयी मुद्रेने कप्तानाकडे बघितलं. कारण भंडारदरा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. नगर, संगमनेर, अकोले, आणि मग डोंगर चढायचा. कप्तान ओठ दाबून निघून गेली.

संध्याकाळी ती तिसगावच्या एसटी स्टँडवर गेली. तिथल्या कंट्रोलरच्या खिडकीशी उभी राहून तिने सगळा रस्ता विचारून घेतला. कुठे किती वेळ, चहाला कुठे थांबायचं, घाटात गाडी किती हळू चालते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली. मी मागोमाग.

"सर, पहाटे चारला निघालो तर राती दहाच्या आत माघारी येतो. मी इचारून आले."

"अंधारात निघायचं?" सर म्हणाले.

"ऊसतोडीच्या गाड्या बी अंधारातच निघत्यात सर."

सरांचा चष्मा पुन्हा निघाला. बराच वेळ पुसला गेला. "पालक नाहीतर जवळचं कोणी मोठं माणूस सोडायला आणि न्यायला आलं पाहिजे," ते म्हणाले, "प्रत्येकाला. कोणी एकटं यायचं नाही. एवढं जमलं तर माझी हरकत नाही."

कप्तान खोलीतून बाहेर पडली आणि व्हरांड्यातून जी धावत सुटली, ती कबड्डीच्या मैदानात केलेली चढाईच जणू. "एका दिवसात भंडारदरा!" तिचं ओरडणं पार पाचवीच्या वर्गापर्यंत ऐकू गेलं.

मग प्रचाराला रंग चढला. भिंतींवर कागद लागले. मॉनिटरने कागदाची विमानं करून वाटली. प्रत्येक विमानावर "शिर्डी" लिहिलेलं. तास चालू असताना एक विमान गणिताच्या सरांच्या टेबलावर उतरलं. सरांनी ते उघडलं, वाचलं आणि खिशात घातलं. ते शिर्डीवाले होते.

चौथ्या दिवशी भानगड झाली. मॉनिटरच्या पोरांनी पिशवीभर बोरं आणली आणि लिंबाखाली बसणाऱ्यांना ओंजळी-ओंजळी वाटली. कप्तानाच्या मुलींनी आयोगाकडे तक्रार केली. नववीच्या तिघी मुली ग्रंथालयात टेबलामागे बसल्या, चेहरे दगडासारखे, आणि मॉनिटरला समोर उभं केलं.

"बोरं वाटली का?"

"वाटली. पन बोरं तर माळावरनं कुनी बी तोडतं!"

"मग त्यांनी स्वतः तोडली असती. तू का दिली?"

 साक्षीला ती दोन भावांची बहीण बोलावली. तिने हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, "बोरं गोड हुती. खाल्ली आमी. पन मत आतमधी जाऊन टाकायचं हाय. तिथं बोरं दिसत न्हाईत." तिघींतली जी आयोगाची अध्यक्षीण होती, तिला हसू आवरेना. तिने वही तोंडावर धरली. निकाल असा लागला, की मॉनिटरचं शेवटचं भाषण रद्द. तो माझ्याकडे धावत आला. "बाई, हे जास्त झालं!" मी म्हणाले, "आयोग माझं ऐकत नाही." आणि खरंच ऐकत नव्हता. मी हळूच सुचवून बघितलं होतं, की समज देऊन सोडा. तिघींनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच गुपचूप बाहेर आले.

त्यामुळे शेवटचं भाषण एकट्या कप्तानाचं झालं. चार शब्द न बोलणारी ती मुलगी व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिली, सगळी दहावी खाली मैदानात.

"मला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "मी भंडारदरा बघितलेला न्हाई. माझ्या मामानं बघितलाय. तो म्हनतो, ह्या टोकाला हुबं ऱ्हायलं की पल्याडचं टोक दिसत न्हाई, एवढं पानी. आपन पानी कुठं बघतो? टँकरला. हंड्यात. मला एकदा बघायचंय, मोजून न घेता पानी कसं असतं. बस. एवढंच."

मॉनिटर पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. त्याने हाताची घडी घातली होती, पण तोंड उघडं राहिलं होतं.

मतदानाच्या दिवशी मी ड्युटीवर जाते तशीच साडी नीट पिन करून गेले. विज्ञानाच्या खोलीत केंद्र. आडोशाला पुठ्ठ्याची खोकी. मतपेटी म्हणजे चुन्याने रंगवलेला तेलाचा डबा. तो उघडून, उपडा करून दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना आधी दाखवला, मग चिकटपट्टी लावली. बोटाला लावायला निळा मार्कर. मुलं ओळीत उभी राहिली. आणि काय सांगू, जी मुलं एरवी दोन मिनिटं सरळ उभी राहत नाहीत, ती गप्प, आपापली कोरी चिठ्ठी मुठीत धरून. आतून बाहेर आलेला प्रत्येक जण आपलं बोट वर धरून उन्हात बघत होता. मुख्याध्यापक दारातून डोकावले आणि म्हणाले, "मॅडम, मला मत आहे का?" आयोगाची अध्यक्षीण म्हणाली, "न्हाई सर. तुमी दहावीत न्हाई." सर एवढे हसले, की त्यांना खोकला आला.

मोजणी व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. एक मुलगी चिठ्ठी उघडायची, वर धरायची, नाव वाचायची. शिर्डी. शिर्डी. भंडारदरा. शिर्डी. सुरुवातीला मॉनिटरची पोरं नाचायलाच लागली. मग दुसऱ्या ढिगाची उंची वाढायला लागली. भंडारदरा. भंडारदरा. शिर्डी. भंडारदरा. कप्तान खांबाला पाठ लावून डोळे मिटून उभी होती. डबा रिकामा झाला तेव्हा भंडारदऱ्याचा ढीग कोणालाही डोळ्यांनी कळेल इतका मोठा होता. मुलींनी तिला उचललं. इतकी उंच मुलगी उचलताना दोघी-तिघी धडपडल्याही.

मॉनिटर एकटा पाण्याच्या टाकीकडे गेला. मी जाणार होते, पण थांबले. त्याने तोंडावर पाणी मारलं, रुमालाने पुसलं, परत आला आणि कप्तानासमोर उभा राहिला. "जिंकलीस," तो म्हणाला. "पन गाडीत खिडकी मला पाहिजे." ती म्हणाली, "घे."

आणि निघण्याच्या पहाटे शाळेपुढे सगळं गाव जमलं होतं. कानाला मफलर बांधलेले आजोबा, बॅटऱ्या, डबे, कोणाच्या तरी काखेतलं पेंगणारं बाळ. दोन्ही धाकट्या भावांना घेऊन शेजारची काकू आली होती. बहीण गाडीत चढताना त्यांनी रडायचं ठरवलं होतं बहुतेक, पण एसटीचा हॉर्न वाजला तसे तेच टाळ्या पिटायला लागले. एकाच गाडीत मावणार नव्हतो, दोन गाड्या केल्या होत्या. ज्यांची नावं दर वर्षी गळायची, त्यांतली जवळजवळ सगळी आली होती.

अकोल्याच्या पुढे डोंगर सुरू झाले तशी गाडी हळूहळू शांत होत गेली. हिरवे डोंगर, भाताची कापलेली खाचरं. आणि एका वळणावर ते आलं. पाणी. मुलं ओरडली नाहीत. आधी सगळी एका बाजूच्या खिडक्यांना जाऊन चिकटली, गाडी कलते की काय असं वाटेपर्यंत, आणि मग कोणीतरी "आयो!" म्हणालं. त्यानंतर जो कल्ला झाला, त्यात ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला तोही ऐकू आला नाही.

काठावर उतरल्यावर वारा एवढा होता, की मुलींच्या ओढण्या आडव्या उडत होत्या. मी मुलं मोजत होते आणि मोजताना चुकत होते, कारण कोणी एका जागी उभं राहीना. मागच्या बाकावरची ती मुलगी माझ्याकडे आली. "बाई, तुमचा मोबाईल देता? आईला दाखवायचंय."

मी व्हिडिओ कॉल लावून दिला. पलीकडे उसाच्या पाचटात उभी असलेली तिची आई दिसली, डोक्याला फडकं, हातात कोयता. मुलीने फोन पाण्याकडे फिरवला. 

"अगं बया," पलीकडून आवाज आला. "येवढं पानी! कुठं हाय गं हे? आन तुला तिथं कुनी नेलं?"

"कुनी न्हाई नेलं," ती वाऱ्यावर ओरडून म्हणाली. "आमी मतं टाकून आलोय!"

आईला काही नीट कळलं नसावं. ती हसली आणि फोन दुसऱ्या कोणाला दाखवायला घेऊन गेली. फडातले आणखी दोन-तीन चेहरे पडद्यात गर्दी करून डोकावायला लागले आणि मुलगी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, एकेक करून, शिर्डी काय, विमान काय, बोरं काय. मागून कप्तान हाका मारत होती, मॉनिटर पाण्याजवळ कोणी जाऊ नये म्हणून हात पसरून उभा होता, आणि माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती. मी तिला थांबवलं नाही.